मंगळवारचा वारा

३ मार्च, सोमवार

ही वही ताईने आणली. म्हणाली, "डोक्यात घोळवत बसतोस त्यापेक्षा लिहीत जा." मी चौतीस वर्षांचा, संख्याशास्त्रात दोन पदव्या घेतलेला माणूस, आणि मला थोरल्या बहिणीने वही आणून द्यावी, तीही रेघांची! मुकाट घेतली. गेले चार महिने मी तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर राहतोय. वहीला नाही म्हणायला तोंड कुठलं?

आज नोकरी लागली. म्हणजे ताईने लावली. ती एकोणीस वर्षं पवनचक्क्यांच्या नियंत्रण कक्षात आहे, दिवसपाळीची प्रमुख. टेकडीच्या माथ्यावर चोवीस चक्क्या, पायथ्याशी एक बैठं ऑफिस आणि समोर पसरलेला तलाव. वीज घेणाऱ्यांना दर पाव तासाला कळवावं लागतं की अर्ध्या तासाने वारा किती असेल आणि वीज किती येईल. चुकलं की ते कान उपटतात. आजवर हा अंदाज ताई आणि मंडळी नोंदवहीत पेनाने लिहीत आली. आता मुख्य कार्यालयाला तो मशीन लर्निंगने हवाय. जुन्या नोंदी संगणकाला खाऊ घालायच्या आणि त्यातले नियम त्याने स्वतःच शोधून पुढचं सांगायचं. ताईने साहेबांना सांगितलं, "माझा भाऊ हेच करतो." साहेबांनी तीन महिन्यांचा करार दिला. माझ्या आधीच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग एका ईमेलने घरी बसवला, हे ताईने सांगितलं नाही. मीही नाही.

साहेबांनी विचारलं, "वाऱ्याचा काही अनुभव?"

मी म्हणालो, "वारा म्हणजे शेवटी आकडेच."

ताई शेजारी बसून चहा पीत होती. तिला ठसका लागला.

४ मार्च, मंगळवार

ताईची साप्ताहिक सुट्टी. तरी सात वाजता पांघरूण ओढून उठवलं. डबा दिला. मी डबा घेऊन कामाला निघालो आणि ती दारात उभी राहून बघत होती. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

१० मार्च, सोमवार

पहिलं मॉडेल तयार झालं. त्याची परीक्षा घ्यायची रीत अशी की त्याला एका बावळट अंदाजाशी लढवायचं. बावळट अंदाज म्हणजे 'आत्ता आहे तेवढाच वारा अर्ध्या तासाने असेल'. याला अक्कल लागत नाही, संगणक लागत नाही, दोन पदव्या तर मुळीच लागत नाहीत. या बावळट अंदाजाने माझ्या मॉडेलला सपशेल हरवलं.

मग मन घट्ट करून ताईची नोंदवही उघडली. तिचे पेनाने लिहिलेले आकडे बावळट अंदाजाहून बरेच चांगले निघाले. थोडक्यात क्रमवारी अशी: ताई, बावळट, मी.

घरी सांगितलं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात, फार बोलत नाहीत. म्हणाले, "तिसरा नंबर वाईट नाही."

ताईला विचारलं, "तू कसा काय सांगतेस?" म्हणाली, "सवय." सवय म्हणजे मोजता न येणारी गोष्ट. माझ्या काही कामाची नाही. विषय सोडून दिला.

१९ मार्च, बुधवार

सापडलं! आज माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटतेय, पण हात पोचत नाही.

नोंदींत 'स्थिती-२' नावाचा एक कॉलम आहे, शून्य किंवा एक. इतके दिवस मी त्याला हात लावला नव्हता. कागदपत्रांत लिहिलंय, 'सावध स्थिती, पाती किंचित वळवलेली'. मोठा झोत येणार असेल तर पाती जरा वळवून ठेवतात, म्हणजे आतल्या दातेरी चाकांना हिसका बसत नाही. गंमत म्हणजे, हा आकडा शून्याचा एक झाला की वीस-पंचवीस मिनिटांनी वारा वाढतो. याचा अर्थ चक्कीला आधी कळतं! एवढ्या उंचीवर तिला हवेचा दाब जाणवत असणार आणि ती आपोआप सावध होत असणार. हा कॉलम मॉडेलला दिला आणि चूक निम्म्यावर आली. बावळट अंदाज हरला. ताईची नोंदवहीसुद्धा जेमतेम बरोबरीला.

संध्याकाळी ताईला आलेख दाखवला. कोणत्या कॉलमचा मॉडेलला किती उपयोग झाला ते त्यात खांबांनी दिसतं. 'स्थिती-२'चा खांब सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला.

ताईने विचारलं, "हे काय आहे?"

"सावध स्थिती. चक्की स्वतःच घेते."

ताईने चष्मा काढून पुसला. "स्वतःच घेते?"

"आधुनिक यंत्रं आहेत ताई. तुला नाही कळायचं."

तिने त्या खांबावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आणि हा खांब मोठा असला की तुझं काम चांगलं?"

"अर्थात."

"बरं," म्हणाली, आणि मला वाढायला उठली. जेवताना मी तासभर बोलत होतो. भावोजींनी दोनदा घड्याळ बघितलं, ताईने एकदाही नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मॉडेल दिवसेंदिवस सुधारतंय. आठवड्यात चूक आणखी एक पंचमांश घटली. किरकोळ झोतसुद्धा आता आधी ओळखतं. मी परवा मॉडेलचा शिकण्याचा वेग थोडा कमी केला होता, त्याचाच हा परिणाम. अशा गोष्टींना हात बसावा लागतो.

एक नाजूक विषय. ताईला कामावर फार फोन येतात. तलावापलीकडच्या धक्क्यावर नावेची तिकिटं विकणारी तिची बालमैत्रीण आहे. ती दिवसातून पाच-सहा वेळा फोन करायची, हल्ली दहा-बारा वेळा करते. ताई हसते, "हं, बरं, ठेव" म्हणते, आणि फोन ठेवते. आज मीच तिला बाजूला घेऊन म्हणालो, "ताई, साहेबांच्या डोळ्यावर येईल. कामाच्या वेळी गप्पा बऱ्या नव्हेत."

ताई म्हणाली, "बघते रे." धाकट्याने शिकवलेलं कोणाला आवडतं?

२ एप्रिल, बुधवार

एक खडा घासात येतोय. मॉडेल सकाळी आठ ते संध्याकाळी चार उत्तम चालतं. रात्री ढेपाळतं. रात्रीचं मी समजू शकतो, हवेचे थर निवतात, वारा लहरी होतो. त्यावर दोन परिच्छेद लिहून साहेबांना दिले, त्यांनी मान डोलावली. पण मंगळवार? मंगळवारी मॉडेल दिवसाढवळ्या तोंडघशी पडतं. कालचा मंगळवार तर मॉडेल म्हणावं की नाणं उडवावं, असा गेला.

खूप विचार केला. तलावापलीकडे एक सिमेंटचा कारखाना आहे. मंगळवारी त्याच्या भट्ट्या बंद असाव्यात. भट्ट्या बंद म्हणजे जमीन थंड, म्हणजे हवेचा प्रवाह निराळा. यावर सव्वादोन पानांचं टिपण लिहिलंय, शीर्षक 'साप्ताहिक औष्णिक परिणाम'. छापून यावं असं आहे.

भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्यात लिफ्ट ठरावीक वारी बंद पडायला लागली, तर आम्ही त्या वारी कोण नसतं ते आधी बघतो. मोटर मग."

मी त्यांना जमिनीचं तापमान आणि हवेचा दाब यांचा संबंध समजावून सांगितला. ऐकता ऐकता ते बसल्या जागी झोपले.

९ एप्रिल, बुधवार

ताईला साहेबांनी लेखी समज दिली. तिच्या पाळीत चक्क्या वारंवार सावध स्थितीत जातात, पाती वळलेली राहतात, त्यामुळे वीज कमी तयार होते. तीन आठवड्यांत दिवसपाळीचं उत्पादन घसरलंय. एकोणीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कागद मिळाला. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बाजार करून घरी आली.

मला वाईट वाटलं. वय होतंय तिचं, लक्ष राहत नसेल. मी म्हणालो, "ताई, थोडे दिवस रजा घे." एवढी दचकली! "आत्ता नको," म्हणाली. "तुझं होऊ दे."

१७ एप्रिल, गुरुवार

साहेबांनी अहवाल मागितला होता, तो आज संपवला. शेवटी 'तांत्रिक मत' म्हणून एक वाक्य त्यांनीच सुचवलं: मॉडेलमुळे नियंत्रण कक्षातली एक जागा कमी करता येईल. त्या माणसाला दुसऱ्या टेकडीवरच्या भांडारात, सहा तासांच्या अंतरावर पाठवतील. मी कोण ते विचारलं नाही. रात्रपाळीत एक गृहस्थ आहेत, ते खुर्चीत इतके गाढ झोपतात की त्यांना भांडार काय आणि कक्ष काय. मला कायम करण्याचं मात्र साहेब स्पष्ट बोलले.

माझं लिहिणं बोजड असतं, म्हणून जेवताना अहवाल ताईला वाचून दाखवला. ती शेवटच्या वाक्यापाशी थांबली.

"परत वाच."

वाचलं.

"रात्रपाळीत मुळात दोनच माणसं आहेत," ती म्हणाली. "त्यातलं एक कमी करता येत नाही, नियम आहे. नुसतं 'एक जागा' नको लिहूस. 'दिवसपाळीतील एक वरिष्ठ जागा' लिही. नाहीतर वरून परत येईल."

तिच्या डोक्यात नियम कसे पाठ असतात! दुरुस्ती करून सही ठोकली. भावोजी ताटावरून उठून गॅलरीत गेले. त्यांना हल्ली पोटाचा त्रास आहे की काय, विचारायला हवं.

५ मे, सोमवार

मुख्य कार्यालयातून तीन पाहुणे येणार. प्रात्यक्षिक मंगळवारी, तेरा तारखेला. मी साहेबांना म्हणालो, "बुधवार नाही का चालणार?"

"का?"

"मंगळवारी वारा जरा..."

"वार बघून वाहतो का हो वारा?"

सव्वादोन पानांचं टिपण काढून दाखवणार होतो, पण त्यांनी फोन उचलला. घरी ताईला सांगितलं की माझी धडगत नाही. ती म्हणाली, "मंगळवार का? बरं. झोप शांत."

१३ मे, मंगळवार

 क्रमाने लिहितो.

सकाळी ताई म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. मी माझ्या घाईत होतो. अकराला पाहुणे बैठकीच्या खोलीत बसले. त्या खोलीला काचेची भिंत आहे आणि पलीकडे नियंत्रण कक्ष. मोठ्या पडद्यावर दोन रेघा, खऱ्या वाऱ्याची निळी आणि माझ्या मॉडेलची तांबडी. दोन्ही सेकंदाला सहा मीटरवर सरळ झोपलेल्या. बाहेर पान हलत नव्हतं. मी बोलत होतो आणि मनात म्हणत होतो, आज अब्रू गेली.

अकरा दहाला तांबडी रेघ एकदम उठली. सहा, आठ, अकरा, साडेबारा.

एक पाहुणे खिडकीबाहेर बघून हसले. "काही हलताना तर दिसत नाही."

मी छाती काढून म्हणालो, "वीस मिनिटं थांबा." आणि आपलं कौतुक कोणी बघितलं का म्हणून काचेतून पलीकडे पाहिलं.

ताई उभी होती. घरच्या कपड्यांत, खांद्याला पर्स तशीच. डाव्या हाताने फोन कानाला धरलेला, उजवा हात टेबलावरच्या पिवळ्या 'सावध' बटणावर. तिच्या जागी बसलेला माणूस खुर्ची मागे सारून तिला वाट देऊन उभा होता. तिने फोन ठेवला. मान वर केली. आमची नजरानजर झाली आणि तिने पटकन दुसरीकडे बघितलं, लहानपणी माझं गणित हळूच पुरं करून ठेवायची तेव्हा बघायची तशी.

मला तेव्हाच कळलं. सगळं. चक्की स्वतःहून सावध होत नाही. तिला ताई करते.

पुढची बावीस मिनिटं मी बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही. 'साप्ताहिक औष्णिक परिणाम' हे शब्द तोंडातून गेल्याचं आठवतं. अकरा बत्तीसला झोत आला, खिडक्यांची तावदानं वाजली, निळी रेघ उडी मारून तांबडीला जाऊन भिडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या. मी वाकून आभार मानले. हो, मानले. चहासुद्धा घेतला.

ताई केव्हाच निघून गेली होती.

१४ मे, बुधवार

दिवसभर नोंदी उकरल्या. जे पहिल्या आठवड्यात करायचं ते अडीच महिन्यांनी केलं. पिवळं बटण आधी दाबलं जातं ते फक्त ताईच्या पाळीत. इतर लोक झोत आल्यावर दाबतात. मंगळवारी ताई नसते. बस, एवढा माझा साप्ताहिक औष्णिक परिणाम. सिमेंटच्या कारखान्यात फोन करून विचारलं. भट्ट्या वर्षभर पेटलेल्या असतात, मंगळवारीसुद्धा.

मी वाऱ्याचा अंदाज बांधणारं मॉडेल केलंच नाही. मी माझ्या बहिणीचा अंदाज बांधणारं मॉडेल केलं. तेही ती समोर बसलेली असताना.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पूर्वी ती दिवसातून दोन-तीनदा बटण दाबायची. वीस मार्चपासून ते नऊ-दहा वेळा झालंय. आलेख मी तिला एकोणीसला दाखवला होता.

रात्री जेवताना विचारलं, "ताई, का?"

"गार होतंय. जेव."

१६ मे, शुक्रवार

रजा टाकून नावेने पलीकडे गेलो. पंधरा किलोमीटर पाणी, सव्वा तास. तिकिटाची खोली म्हणजे पत्र्याचं खोकं. आत बसलेल्या बाईंनी मला बघताच हाक मारली, "ये रे, वाऱ्याचा जादूगार! तुझ्या ताईने फोटो पाठवलाय तुझा, पडद्यासमोरचा."

मी विचारलं, "तुम्ही तिला फोन करून काय सांगता?"

"काय सांगणार? गप्पा असतातच. आणि मध्ये वारा सांगते. वारा आधी माझ्याकडे येतो, मग पाण्यावरून तुमच्याकडे जातो. पत्रा नुसता वाजला तर किरकोळ. तिकिटांचा गठ्ठा उडाला तर मोठा. आधी फक्त मोठे सांगायचे, तिला तेवढेच लागायचे. मार्चमध्ये म्हणाली, किरकोळ पण सांगत जा."

"का म्हणून?"

"मी पण हेच विचारलं. मी म्हटलं, किरकोळ वाऱ्याला बटण दाबलंस तर साहेब ओरडेल. तर म्हणाली, ओरडू दे, भावाच्या अभ्यासाला लागतो." बाई हसल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. "काय झालं रे? पाणी देऊ?"

परत आलो. ताई गॅलरीत कपडे काढत होती. मी म्हणालो, "तुला माहीत होतं मी तुझ्याच जागेवर सही करतोय."

"वाचून तर तूच दाखवलंस."

"आणि तू शुद्धलेखन तपासलंस!"

"वाक्य चुकलं होतं."

"तू भांडारात जाणार, सहा तासांवर, आणि मी इथे तुझ्या जिवावर कायम होणार? हे चाललं असतं तुला?"

ताईने हातातला शर्ट घडी केला, पुन्हा उलगडला. "चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास," ती म्हणाली. "अंघोळ नाही, बोलणं नाही. वाढलेलं तसंच. हे सकाळी कामाला जाण्याआधी तुझ्याजवळ उभे राहायचे. छाती हलतेय का बघायचे आणि मला सांगायचे, हलतेय, मग मी माझ्या कामाला जायचे. रोज. कळलं? आणि एक दिवस तू आलेख घेऊन आलास आणि तासभर बोललास. मला भांडार काय, तळघरात बसवलं असतं तरी मी बसले असते."

 रडू आलं, ते कपड्यांत तोंड घालून रडलो. स्वच्छ धुतलेले होते सगळे. ताई म्हणाली, "आता ते परत धुवावे लागतील मला." ती पण रडत होती.

१९ मे, सोमवार

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"थांबा," ते म्हणाले. "वाऱ्याचा अंदाज तुमची बहीण सांगते. आणि बहिणीचा अंदाज तुम्ही सांगता?"

"हो."

"आणि तुमच्या अहवालाप्रमाणे आपण बहिणीला भांडारात पाठवतोय."

"हो. ती गेली की मॉडेल रोज मंगळवारसारखं वागेल."

त्यांनी माझा अहवाल काढून शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. वर मंजुरीला गेलेला कागद परत कसा मागवायचा, म्हणाले. मी म्हणालो, दुसरा कागद देतो. तिथेच बसून लिहिला: माझा अहवाल चुकीचा आहे, माझं तांत्रिक मत मी मागे घेतो, दिवसपाळीचं उत्पादन घटलं ते माझ्या मॉडेलला खाद्य मिळावं म्हणून, दिलेली लेखी समज रद्द व्हावी. हवा असेल तर पलीकडच्या धक्क्यावर वारा मोजायचा खांब उभारावा, वर्षभर नोंदी घ्याव्यात, तेव्हा कुठे खरं मॉडेल करता येईल. आणि तोपर्यंत अंदाज नोंदवहीतलाच धरावा. हा कागद ताईला तपासायला दिला नाही. दोन शब्द चुकलेत, मला नंतर दिसले.

साहेबांनी वाचला. "तुमचा करार पुढे नेणं आता मला जमायचं नाही."

"माहीत आहे."

"समजेचा कागद मी फाडतो," ते म्हणाले. "बाईंना एवढ्यासाठी समज दिली याची मला लाज वाटतेय. त्यांनी मला सांगायचं होतं."

"त्या कोणालाच काही सांगत नाहीत साहेब."

घरी ताईचा पारा चढला. "माझ्यासाठी नोकरी घालवलीस?"

"तुझ्यासाठी नाही. खोटं होतं म्हणून."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मग भावोजींकडे. भावोजी म्हणाले, "तिसऱ्या नंबरावर आला परत." त्यांचं हे वर्षातलं सगळ्यात लांब कौतुक असावं.

३१ मे, शनिवार

करार संपला. ओळखपत्र परत दिलं. ताईची जागा राहिली, तसं लेखी आलं. खांबाचा प्रस्ताव वर गेलाय. साहेब म्हणाले, उभा राहायला वर्ष लागेल. ताई म्हणाली, "वर्षात काय काय होतं, बघू."

आज ऑफिसात ताई दिवसभर माझ्या मागेपुढे होती. 'सोमवारी काय करणार' असं विचारायचं होतं तिला. चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा चहाचं विचारलं. चार चहा झाले.

२ जून, सोमवार

ताई उठवायला आली तेव्हा मी बूट घालत होतो. ती दारात थांबली.

"कुठे निघालास?"

"पलीकडे. सातची नाव आहे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा नको इतका आवाज करत डबा भरला.

तिकिटाच्या खोक्यात बाईंनी मला मोडका स्टूल दिला. साडेदहापर्यंत काही नाही. मग पत्रा वाजला. मी उठलो. बाई म्हणाल्या, "बस, किरकोळ आहे." अकरा वाजता पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला, आणि गठ्ठ्यातली वरची तिकिटं माझ्या अंगावर आली. बाईंनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, येतोय. मोठा."

"किती?"

"तिकिटं उडाली."

"ते कळलं. किती मीटर? आकडा सांग. आकडेवाला ना तू?"

समोर नुसतं पाणी होतं. ना कॉलम, ना आलेख. मी पाण्याकडे बघितलं, उडालेल्या तिकिटांकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाचाही आधार नसताना म्हणालो, "तेरा."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी पोचलो तर ती आधीच आलेली. मी बूट काढायच्या आत म्हणाली, "नऊ होता."

"चार मीटरने चुकलो?"

"चारने. मी दहा लिहिला होता." तिने माझा डबा उघडून बघितला, तो रिकामा होता. "उद्या परत बघ. आणि एवढ्यात तेरा सांगायचा नाही, तेराला तिथला स्टूल उडतो."

उद्या मंगळवार. ताई म्हणाली, तीही येते पलीकडे, तिला बऱ्याच वर्षांत नावेत बसायला मिळालेलं नाही.